आयदेचा डावा हात

"तुमच्या त्या पट्ट्यानंच माझ्या पोरीचा हात मेला, आत्ती!"

निल्दा हे बोलली तेव्हा सासू-सून अनवाणी पायांनी बटाटे तुडवत होत्या. उघड्या माळावर गारठून दगड झालेले बटाटे ऊन लागलं की सैल पडतात, पायाखाली पाणी सोडतात. तुडवायचे, वाळवायचे, मग वर्षभर खायचे. पाय बधिर झाले होते. तोंडं नव्हती झाली.

"कोन म्हनतं?" सासू कासिमिरानं पाय थांबवले नाहीत.

"दवाखान्याचा वकील. मागल्या तारखेला."

"आन् तू कान देतीस? कोल्हा म्हनला कोंबडी आपसूक मेली, तर तू पिसं झाडत बसनार?"

पण म्हातारीचा पाय जरा घसरलाच. पट्टा तिनंच विणला होता. मूल झालं की हातपाय सरळ करून लोकरीच्या पट्ट्यात घट्ट गुंडाळायचं, हाडं सरळ वाढतात. तिच्या आजीनंही हेच केलेलं.

आणि बाळंतपण?

निल्दाला दोर धरून उकिडवं बसायचं होतं. "हा गोठा नाही," म्हणत डॉक्टरनं तिला उताणं पाडलं. डोकं आलं, खांदा अडला. मग त्यानं पलंगाला गुडघा रेटून डोकं ओढलं. वासरू ओढतात तसं. काहीतरी तुटल्याचा आवाज निल्दानं ऐकला.

की नव्हता ऐकला? वकील पुन्हा पुन्हा विचारायला लागला, की माणसाला स्वतःच्या कानांचाही भरवसा राहत नाही.

सुनावणीला अख्खं गाव ट्रकमध्ये बसून आलं. कचेरीत मेंढरांचा वास भरला. राजधानीत, लिमाला ऑपरेशन झालं तर निल्दाच्या पोरीचा, आयदेचा हात थोडा तरी उठणार होता. ते दवाखान्यानं करून द्यायचं की नाही, एवढंच ठरायचं होतं. दुभाषा वाल्तेर डोंगरातली बोली कचेरीच्या भाषेत आणि कचेरीची भाषा डोंगरात नेत होता.

"पट्टा बांधला होता?" वकिलानं निल्दाला विचारलं.

"व्हय."

"घट्ट?"

"घट्टच बांधत्यात, साहेब."

"त्याआधीच हात लुळा होता, हे कुणी पाहिलं?"

"नर्सबाईनं."

"कुठं आहेत त्या?"

"तुमीच बदली केली की तिची!"

वकील हसला. "म्हणजे कुणीच नाही."

कासिमिरा उभी राहिली.

"बसा, आजी," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"बसते, बाई. येकच इचारू द्या." ती वळली ती गावाकडं. "ल्हानपनी पट्ट्यात कोन कोन व्हतं रं? हात वर करा. येक न्हाई, दोनी!"

मागं खसखस पिकली.

"काखंत भोक हाय माझ्या सदऱ्याला," कुणीतरी कुरकुरलं.

"दिसू दे की, लाज तुझ्या बायकूची जाईल!"

हात उठले. राठ, भेगाळलेले, बटाट्याच्या मातीनं काळे पडलेले. दारातल्या शिपायाचेही. शेवटी वाल्तेरनं कागद खाली ठेवला आणि वकिलाकडं न बघता स्वतःचे दोन्ही हात वर केले.

न्यायाधीशबाईंचं लिहिणं थांबलं.

मांडीवरच्या आयदेला हा खेळच वाटला. ती खिदळली आणि तिनंही हात वर केला. उजवा. डावा लोंबत राहिला, ओल्या लोकरीच्या पिळासारखा.

मागचं हसू विझलं.

असं झालं की निल्दा नेहमी चटकन तो हात उचलून धरायची, लोकांना दिसू नये म्हणून. आत्ताही तिचा हात पुढं गेला. मग तो तिनं मागं घेतला आणि शेजारी येऊन बसलेल्या सासूच्या गुडघ्यावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे, आत्ती," ती म्हणाली. "बघू देत."