तिच्या पाण्यातल्या पिसवा

बायको जाऊन पाच महिने झाले आणि मी अजून रडलो नव्हतो. मुद्दाम नव्हे, येतच नव्हतं. मेहुणीने एकदा समोर बसवून सांगितलं, "भावोजी, एकदाचं रडून घ्या, मोकळं वाटेल." तिच्या समाधानासाठी मी तोंड ओंजळीत धरून बसलोही. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला आणि आम्ही दोघंही उठलो. मी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं काम करतोय. तिथले लोक मला पाठीमागे 'फ्रीज' म्हणतात. हल्ली पाठीमागेही म्हणत नाहीत, घरातलं माणूस गेलंय म्हणून.

बायकोने माझ्याकडे शेवटी एकच गोष्ट मागितली होती. दवाखान्याच्या खाटेवर, नाकात नळी असताना म्हणाली, "माझ्या पिसवांना बघाल ना?" मी हो म्हणालो.

या पिसवा म्हणजे पाण्यातल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत बुटांच्या खोक्याएवढी काचेची टाकी आहे आणि तीत मासा एकही नाही. तळाला बोटभर गाळ, दोन-तीन हिरव्या काड्या, आणि मोहरीहून लहान, उड्या मारत पोहणारे जीव. जुन्या दगडखाणीत पाणी साचून तळं झालंय, तिथून तिने ते चहाच्या गाळणीने धरून आणले होते. पाहुणे विचारायचे, मासे कुठायत? ती त्यांच्या हातात भिंग द्यायची. मागून उजेड आला की पिसवेचं अंग काचेसारखं आरपार दिसतं. आतलं काळीज धडधडताना दिसतं, पाठीवर अंडी दिसतात. मलाही बोलवायची. मी म्हणायचो, दिवसभर भिंगातूनच बघतो, घरी तरी सोड. आठ वर्षं मी हेच म्हणत आलो.

आता मात्र मी डोळ्यात तेल घालून बघायला लागलो. सकाळी टाकीतलं पळीभर पाणी पांढऱ्या बशीत घ्यायचं, पिसवा मोजायच्या, वहीत आकडा लिहायचा, पाणी परत टाकीत. चौदा. सोळा. एकोणीस. खायला तिच्याच पद्धतीने चिमूटभर यीस्ट पाण्यात कालवून थेंबाथेंबाने. वरून घालायचं नळाचं पाणी आधी दोन दिवस बादलीत उघडं ठेवायचं. आकडा शाबूत तर शब्दही शाबूत, असा माझा साधा हिशेब होता. त्यात आनंद वगैरे काही नव्हता. पण नोकरीवर जायच्या आधी एक काम असायचं, आणि ते केलं की पुढचा दिवस आपोआप ढकलला जायचा.

गेल्या महिन्यात रस्ता खोदला. नळाला पिवळट पाणी यायला लागलं, त्याला औषधाचा उग्र वास. दोन दिवस ठेवूनही वास जाईना. इथे मी माझी अक्कल पाजळली. लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरचे कॅन असतात. त्याहून शुद्ध पाणी जगात नाही. डॉक्टरांना विचारून मी दोन कॅन घरी आणले. पहिल्या दिवशी टाकीतलं निम्मं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मं, तिसऱ्या दिवशीही. हात लागलाच होता म्हणून काचेवरचं शेवाळ खरवडून काढलं. टाकी इतकी लख्ख झाली की मी दोन पावलं मागे जाऊन बघितली.

वहीत लिहिलं: अकरा. मग चार. मग शून्य. मी आणखी दहा पळ्या काढल्या. दहाही शून्य.

तळाशी एक सापडली ती भिंगाखाली घेतली. सगळं जागच्या जागी होतं, काळीज तेवढं बंद. आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. रक्ताच्या लाल पेशी डिस्टिल्ड पाण्यात टाकल्या की फुगून फुटतात, हे मी लॅबमधल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी स्वतः करून दाखवतो. नुसत्या शुद्ध पाण्यात जीव जगत नाही, त्याला क्षार लागतात, असं वर भाषणही देतो. मी वही मिटली आणि कामावर गेलो. वाईट वाटेल म्हणून दिवसभर वाट पाहिली. वाटलं नाही.

रविवारी मुलगी आली. ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढते, दर रविवारी येते, आणि आम्ही दोघं मुकाट्याने जेवतो. तिने चप्पल काढायच्या आत मी सांगून टाकलं.

"आईच्या पिसवा मेल्या. मी मारल्या."

ती टाकीपाशी गेली. मग तिला ओट्याखालचा कॅन दिसला.

"बाबा, हे घातलंत?"

"हो."

ती खुर्चीवर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. बघतो तर हसत होती.

"आई म्हणाली होती."

"काय म्हणाली होती?"

"की तुम्ही त्यांना लॅबचं पाणी घालाल. म्हणाली, महिनाभर नीट सांभाळतील, मग त्यांना टाकी स्वच्छ करायची लहर येईल. तुम्ही तर पाच महिने काढलेत. तिला खरं वाटलं नसतं."

"मग मला कशाला सांगितलं सांभाळायला?"

तिचं हसू गेलं. "मेल्या की तुम्हाला तळ्यावर घेऊन जा म्हणाली. एकट्याला पाठवू नकोस, म्हणाली. गाळणी कशी धरायची ते दाखव, नाहीतर भसकन घालतील. आणि परत यायची घाई करू नका, दोघं जरा बसा तिथे."

"हे तू मला आत्ता सांगतेस?"

"मेल्याशिवाय सांगायचं नाही, असं बजावलं होतं तिने."

"कधी?"

"तुम्ही हो म्हणालात त्याच दिवशी. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात."

म्हणजे मी हो म्हणून जिना उतरलो आणि बायकोने वर माझा निकाल लावूनही टाकला. मला राग आला. असा राग आला की कानशिलं तापली. पाच महिने मी बशीत डोकं घालून बसलो, एक पिसू कमी भरली तर पुन्हा मोजत बसलो, आणि ही बाई मला ओळखून होती. नेहमीचंच तिचं. स्वतः सगळं ठरवायचं आणि मला शेवटी कळवायचं. चांगलं खडसावावं म्हणून मी आतल्या खोलीकडे वळलो, "अगं" म्हणूनही झालं.

आत पलंगावर नुसते इस्त्रीचे कपडे पडले होते. मी दारातच खाली बसलो आणि मोठ्याने रडायला लागलो.