मामाच्या रंगाचे तीन थर

"टेम्पो संध्याकाळी येतोय," मामा अंगणातल्या जुन्या मोटरसायकलकडे बघत खुर्चीत रेलून म्हणाला. "माझ्या हॉटेलच्या दर्शनी काचेमागेच उभी करतो हिला. आत शिरणारा प्रत्येक जण आधी हिच्यासोबत फोटो काढेल बघ."

"आणि आई कामावर कशावर बसून जाईल? त्या फोटोवर?" भिंगरीने फटकन विचारलं.

आई घरोघरी जाऊन रुग्णांची मलमपट्टी करणारी नर्स. ही मोटरसायकल तिच्या वडिलांची. भिंगरीपेक्षा वयाने कितीतरी थोरली, पण आईच्या हाताखाली गुमान चालणारी. गेलं वर्षभर मात्र तिने छळ मांडला होता. बॅटरी म्हणून भरायची नाही. दिवे पिवळे पडायचे, हॉर्न मांजरासारखा कण्हायचा आणि आई भर रस्त्यात गाडी ढकलत घरी यायची. गॅरेजच्या मेस्त्रीकाकांनी बॅटऱ्या बदलून बदलून हात टेकले. शेवटी आई वैतागून मामाला "ने बाबा" म्हणाली. मग लेकीचं तोंड बघून एवढंच पुढे जोडलं, "टेम्पो यायच्या आत बॅटरी भरायला लागली, तर राहील."

म्हणून भिंगरी आज विज्ञानाच्या बाईंकडून मागून आणलेला वीज मोजायचा मीटर घेऊन अंगणात मांडी ठोकून बसली होती.

मीटर बॅटरीला लावून तिने किक मारली, रेस वाढवली. आकडा वर चढायला हवा होता, पण तो बारा व्होल्टच्या आसपास ढिम्म. "म्हणजे इंजिन वीज बनवत असेलही, पण बॅटरीपर्यंत पोचत नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. मग इंजिनाकडून येणाऱ्या दोन वायरी सोडवून त्यांच्यावर मीटर लावला. रेस वाढेल तसा आकडा टणाटण उड्या मारत वर!

"वीज बनतेय! आता चोर एकच, रेक्टिफायर." सीटखालची काड्यापेटीएवढी डबी तिने बोटाने टिचकावली. उलटसुलट धावणारी वीज एका दिशेला लावायचं काम त्या डबीचं. "जळली असणार. लिहून देते!"

डबी खाली उतरवून तिने तपासली. वीज एका बाजूने जात होती, उलट बाजूने अडत होती. म्हणजे ठणठणीत! लिहून देणारीचा चेहरा पडला.

"झाली डॉक्टरकी?" मामा खो खो हसला. "अगं, मेस्त्रीने हात टेकले तिथे तू कोण? वस्तू म्हातारी झाली की शोभेला ठेवावी."

"म्हातारी नाही, नवी कोरी दिसतेय की," भिंगरी फणकारली आणि बोलता बोलताच थबकली. डबी जिथे बसत होती, ती सांगाड्यावरची जागाही नव्या नवरीसारखी चकचकत होती. गेल्या वर्षी मामाने बहिणीला भेट म्हणून गाडी सगळी सुटी करून रंगवली होती. तीन थर, जातीने, स्वतःच्या हाताने. कुठे नखभर पत्रा उघडा ठेवला नव्हता. आणि या डबीला परतीची वायरच नव्हती; तिचं अंग सांगाड्याला टेकायचं, तीच विजेची परतीची वाट.

मीटरचं एक टोक तिने बॅटरीच्या सांगाड्याला जोडलेल्या टोकाला लावलं, दुसरं त्या चकचकीत जागेवर. वाट सलग असती तर मीटर टीं करून ओरडला असता. मीटर मुका.

"आई, पॉलिशपेपर दे!"

मामा खुर्चीतून उडाला. "खबरदार! ओरखडा उठला तर याद राख! तीन थर दिलेत मी!"

"तेच तर नडतायत, मामा. तू विजेची वाटच रंगवून टाकलीस."

"मला शिकवतेस? मोठ्यांशी असं बोलतात?"

"गाडी वाचत असेल तर असंच बोलणार. ओरड हवा तेवढा."

मामाने मदतीला बहिणीकडे पाहिलं. आईने फळीवरचा पॉलिशपेपर उचलून लेकीच्या हातात दिला.

भिंगरी घासत सुटली. मामा प्रत्येक खरखरीला "अरे देवा" म्हणत होता, जणू त्याचीच कातडी सोलली जात होती. पत्रा उघडा पडला. मीटर टीं करून ओरडला. डबी घट्ट बसली, वायरी जोडल्या, किक बसली. रेसबरोबर बॅटरीवरचा आकडा हलला, तेरा ओलांडून वर सरकला आणि सरकतच राहिला. दिव्याने समोरची भिंत पांढरीफेक केली. हॉर्न असा कडाडला की शेजारच्या काकू मोकळ्या केसांनीच गॅलरीत आल्या.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला.

आईने भिंगरीच्या काळ्या बोटांकडे पाहिलं, हेल्मेट चढवलं, मलमपट्टीची पिशवी खांद्याला लावली. "एका आजोबांचं ड्रेसिंग राहिलंय," म्हणत ती टेम्पोला वळसा घालून भुर्रकन निघून गेली.

टेम्पोवाला गोंधळून खाली उतरला. "काय न्यायचंय हो इथून?"

"गाडी कामावर गेली," भिंगरी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मामाला न्या."