मोटेच्या चामड्याचा पट्टा
मोटार जुन्नरला आमच्या दारात आली, त्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे सुंदरबाईंनी, डायनामो फिरवणारा चामड्याचा पट्टा काढून टाकायला लावला. जैनाच्या मोटारीत चामडं नको! त्या जागी जाड सुती पट्टा आला. सगळ्यांनी मान डोलावली. आमची जेवणं सूर्यास्ताआधी, त्यामुळे मोटारही उजेडातच घरी यायची. दिवे लावायची वेळच आली नव्हती.

त्या संध्याकाळी मात्र मी मागच्या गादीवर कळा देत होते, सासूबाई पुढे बसल्या होत्या. मूल आडवं आलंय, पुण्याच्या इस्पितळात न्या, असं सुईणीनं सांगितलं होतं. मंचर मागे पडलं, अंधारून आलं. ड्रायव्हर सयाजीनं दिवे लावले, तर ते पिवळट, आजारी. त्यानं मोटार उभी करून इंजिनाला वेग दिला. दिवे तसेच.

“बाई, वेग दिला की दिवा उजळाया पायजे. पट्टा घसरतोय. डायनामो बॅटरी भरत न्हाई.”

“मग?” सासूबाईंनी विचारलं.

“बॅटरी संपली की इंजीन बंद. खेडच्या घाटातच बसाय लागंल.”

पोटातल्या जिवासकट घाटात मरायचं, तेही सुती पट्ट्यापायी! सासूबाईंचा इतका राग आला की कळही विसरले.

सयाजी रस्त्याकडेच्या विहिरीवर धावला आणि तिथं पडलेल्या पाणी काढायच्या फाटक्या चामडी मोटेची लांब पट्टी कापून घेऊन आला. ती बसवायची तर इंजीन बंद करायला हवं होतं.

“पुन्हा चालू झालं नाही तर?” मी ओरडले.

सयाजीनं चावी फिरवली. इंजीन थांबलं. अशी भयाण शांतता मी कधी ऐकली नव्हती.

“बाई, टोक ताणून धराया कुनीतरी पायजे,” सयाजी चाचरत म्हणाला.

चामड्याचा स्पर्श झाला तर डोक्यावरून आंघोळ करणाऱ्या सासूबाई मुकाट्यानं खाली उतरल्या. त्यांनी दोन्ही मुठींत चामडं धरलं. सयाजीनं तारेनं सांधा आवळला, पट्टा चढवला, हँडल मारलं. इंजीन खोकलं, गप्प झालं. मी देवाचं नावही विसरले. पुन्हा हँडल मारल्यावर ते धडधडलं.

सयाजीनं वेग दिला. समोरची बाभळ लख्ख उजळली.

“भरतीया बॅटरी! बसा बाई.”

सासूबाई हलल्या नाहीत.

“पुन्हा वेग दे,” त्या म्हणाल्या. “पुन्हा उजळू दे. माझी पोर आहे मागं.”