शिड्यांचा नवा कॅटलॉग

शिड्या बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या ऑफिसात खोलीच्या दोन टोकांना दोन टेबलं होती. खिडकीजवळच्या टेबलावर वहिनी बसायची. ती मालकांची सून. विक्रीचं आणि जाहिरातीचं सगळं लिखाण तिच्याकडे. दाराजवळच्या टेबलावर तिची नणंद. तिला अख्खा कारखाना ताई म्हणायचा आणि शिड्यांचे आराखडे तिचे असायचे. मधल्या टेबलावर वहिनीचा नवरा, म्हणजे ताईचा भाऊ, सगळ्यांचा दादा. त्याचं काम कारखाना सांभाळायचं, पण निम्मा दिवस इकडचं तिकडे सांगण्यात जायचा, कारण गेल्या कॅटलॉगपासून नणंद-भावजयींचं बोलणं बंद होतं.

झालं होतं ते असं. त्या कॅटलॉगात वहिनीने एका शिडीचा फोटो उलटा छापला. शिडी ही वस्तूच अशी, की उलटी-सुलटी चटकन कळत नाही. पण ताईला कळली. शिडीचं डोकं कुठे आणि पाय कुठे एवढंही समजत नसेल तर विकायला कशाला बसावं, असं तिने चारचौघांत विचारलं. वहिनीनेही मागचापुढचा विचार न करता सुनावलं, की तुमच्या शिड्यांना डोकं असतं हे मला आजच कळतंय. ऐकणारे पोट धरून हसले. या दोघी हसल्या नाहीत, आणि तिथून जो अबोला धरला तो धरलाच. बिऱ्हाडं वेगळी होती म्हणून घरी तरी धकलं. ऑफिसात मात्र ‘तिला सांग’ आणि ‘त्यांना विचार’ एवढ्यावर कारभार चालला होता.

कॅटलॉगची फाइलही याच वाटेने हिंडायची. वहिनी लिहून दादाला मेल करणार, दादा ताईला, ताई खाडाखोड करून परत दादाला. फाइलचं नाव आधी ‘कॅटलॉग’ असायचं, मग ‘कॅटलॉग शेवटचा’, मग ‘शेवटचा खरा’. यंदा ‘शेवटचा खरा’ राहिला बाजूला आणि नुसता ‘शेवटचा’ छापखान्याच्या दारापर्यंत जाऊन आला. तेव्हा दादाने हात टेकले आणि ऑफिसातलं ते जुनंपुराणं सॉफ्टवेअर बदलून नवं घेतलं.

शिकवायला एक चटपटीत मुलगी आली. सकाळभर तिने काय काय दाखवलं. बोललेलं आपोआप टाइप होतं. लिहिलेलं मशीन वाचून दाखवतं. चुकून काही पुसलं तर कालचं, परवाचं पान परत आणता येतं. आणि मुख्य म्हणजे एकच फाइल सगळ्यांनी एका वेळी उघडायची, ज्याने त्याने आपल्या जागेवरून लिहायचं. कोण कुठे लिहितंय ते रंगावरून कळतं, आणि काही विचारायचं असेल तर बाजूला कमेंट टाकायची. वहिनीने हाताची घडी घालून ऐकून घेतलं. जुन्यात काय वाईट होतं, असं तिचं मत होतं. बोलून टाइप करायची गंमत तेवढी तिला आवडली.

दुसऱ्या दिवशी तिने फाइल उघडली आणि घडीच्या शिडीबद्दल पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. दुसरी ओळ संपते न संपते तोच पहिल्या ओळीत एक हिरवी रेघ लुकलुकायला लागली. वर लिहिलेलं, ‘ताई’. कुणीतरी मानेशी येऊन उभं राहावं तसं तिला झालं. मान वर करून पाहिलं तर ताई दाराजवळ आपल्या जागेवर, नजर पडद्यात. हिरवी रेघ ‘हलकीफुलकी’ या शब्दावर थांबली आणि बाजूला कमेंट उमटली.

‘हलकीफुलकी म्हणजे किती किलो?’

वहिनीने खाली लिहिलं, ‘घरात ज्याला उचलायची असते त्याला बरोबर कळतं.’

‘मला नाही कळलं.’

‘तुम्ही गिऱ्हाईक नाही.’

बघता बघता पानाची बाजू भरून गेली. ‘टिकाऊ’ का लिहिलं, किती वर्षं टिकते ते का नाही. मापांची रांग पहिल्याच पानावर लावली तर माणूस दुसरं पान उलटेल का. बिजागरीला ‘सांधा’ म्हटलं तर लोक हाडाच्या डॉक्टरकडे जातील. खोलीत चिडीचूप. ऐकू यायची ती फक्त बटणांची टकटक, आधी एका टोकाकडून, मग दुसऱ्या. दादाला वाटलं, काम झपाट्याने चाललंय. एरवी चार वेळा उठावं लागायचं, त्या दिवशी जागचा हललाही नाही.

वहिनीला स्वतःशी कबूल करायला जड गेलं, पण तिला यात मजा येत होती. सकाळी कपाट उघडायच्या आधी ती फाइल उघडायची. रात्रीत ताईने काय टोमणा मारून ठेवलाय ते बघायची आणि तिला तोडीस तोड काहीतरी सुचेपर्यंत चहाला हात लावायची नाही. शिवाय ताईच्या खाडाखोडीनंतर मजकूर सुधारत होता, हे तिच्यासारख्या लिहिणाऱ्या बाईला दिसल्याशिवाय कसं राहील?

मग उंच शिडीचं पान आलं. वहिनीने ऐटीत लिहिलं, ‘वरच्या पायरीवर उभे राहा, आभाळ हाताशी येते.’ हिरवी रेघ बराच वेळ तिथे घुटमळली.

‘तू या शिडीवर एकदा तरी चढली आहेस का?’

वहिनीने फाइल बंद करून टाकली. ती चढली नव्हती. कुठल्याच शिडीवर नव्हती. साध्या स्टुलावर चढायचं म्हटलं तरी ती आधी भिंत धरायची. इतकी वर्षं ती शिड्या विकत होती आणि हे कुणालाही ठाऊक नव्हतं. घरातला दिवा बदलायचा झाला की ती नवऱ्याला हाक मारायची, आणि नवरा समजायचा, बायकोला कंटाळा आहे.

त्या दुपारी अण्णा आले. अण्णा म्हणजे तिचे सासरे. कारखाना त्यांनीच उभारला होता. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, पण कॅटलॉग त्यांच्या कानावर घातल्याशिवाय छापायला जात नसे. दरवर्षी दादा घसा कोरडा होईपर्यंत वाचून दाखवायचा. या वेळी त्याने वडलांना मधल्या खुर्चीत बसवलं, मशीन वाचून दाखवणार असं कौतुकाने सांगितलं आणि बटण दाबलं.

मशीनचा आवाज एखाद्या शिस्तीच्या मास्तरीणबाईंसारखा होता. घडीच्या शिडीचं वर्णन त्या आवाजाने छान वाचलं, आणि मग तोच आवाज त्याच सुरात पुढे म्हणाला, ‘कमेंट. ताई. हलकीफुलकी म्हणजे किती किलो. उत्तर. वहिनी. घरात ज्याला उचलायची असते त्याला बरोबर कळतं.’

दादा बटण शोधायला धडपडला. अण्णांनी हात वर केला आणि म्हणाले, “राहू दे. मला ऐकायचंय.”

मग सगळं निघालं. हाडाचा डॉक्टर निघाला, गिऱ्हाईक निघालं, एकीने दुसरीच्या स्वल्पविरामांना ठेवलेली नावं निघाली. मशीन ना हसलं ना रागावलं. अण्णांचे खांदे गदगदत होते. ताईने तोंडावर कागद धरला होता आणि कागद थरथरत होता. वहिनीलाही हसू आवरेना. पण पुढचं पान कुठलं हे तिला माहीत होतं.

‘कमेंट. ताई. तू या शिडीवर एकदा तरी चढली आहेस का.’

यापुढे उत्तर नव्हतं. मशीन पुढच्या शिडीकडे वळलं तेव्हा दादाला एकदाचं बटण सापडलं. वहिनी दादाकडे पाहून ‘त्यांना सांग’ म्हणू शकली असती. तिने मान वळवून सरळ ताईकडे पाहिलं.

“नाही चढले. मला भीती वाटते, ताई. पहिल्यापासून.”

ताईने तोंडावरचा कागद खाली घेतला. आता ही चारचौघांत काय बोलते, या धास्तीने वहिनीचे कान तापले.

“मग वरचा तो धरायचा गज कशासाठी आहे ते तुला माहीतच नसणार,” ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. “घाबरणाऱ्या माणसासाठीच मी तो लावलाय. इतकी वर्षं कॅटलॉगात त्याच्याबद्दल एक ओळ नाही. मला वाटायचं, तुला तो क्षुल्लक वाटतो.”

“मला तो दिसलाच नव्हता. मी खालूनच बघत होते.”

ताई उठली. “चल.”

कारखान्याच्या मोकळ्या भागात उंच शिडी उभी होती. वहिनीने चपला काढल्या. मोबाइलवर फाइल उघडून बोलून टाइप करायचं सुरू केलं आणि फोन खिशात टाकला. वर जे वाटेल ते वरच बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. ताईने दोन्ही हातांनी शिडी धरली. तिसऱ्या पायरीवर वहिनीने शिडीला मिठीच मारली. ताई खालून शांतपणे सांगत राहिली, आता डावा, आता उजवा, खाली नको बघू. बऱ्याच वेळाने वहिनी वर पोचली, आणि काही शोधायच्या आत तिच्या हातात तो गज आला. कमरेच्या बरोबर उंचीवर, मुठीत मावेल एवढा. तिने तो घट्ट धरला. दिव्यांवरची धूळ तिला दिसली, खाली ताईच्या भांगातले पांढरे केस दिसले.

“वर पोचल्यावर हात आधार शोधतात,” ती मोठ्याने म्हणाली. “तो इथेच आहे.”

संध्याकाळी जागेवर येऊन तिने फाइल पाहिली. तिची दोन वाक्यं जशीच्या तशी उतरली होती, त्यांच्या वर ताईचं ‘आता डावा, आता उजवा’ही. फोन बंद करायचं मात्र ती विसरली होती, त्यामुळे खाली ‘आई गं, आता उतरू कशी’ हेही आलं होतं, आणि ‘हळू, मी धरलंय’ हेही. हिरवी रेघ आली आणि ती दोन वाक्यं सोडून बोललेलं बाकीचं सगळं एकेक अक्षर पुसत गेली. ‘आभाळ हाताशी येते’ हे वाक्य मात्र ताईने पुसलं नाही, शेजारी फक्त उंचीचा आकडा घातला. मग बाजूला नवी कमेंट उमटली.

‘उद्या घडीच्या शिडीवर चढायचं का?’

वहिनीची बोटं बटणांवर गेली आणि थांबली. तिने खुर्ची मागे सारली आणि खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला आवाज दिला, “जेवण झाल्यावर चढू, ताई. रिकाम्या पोटी नको.”