खुर्चीखालची फुली

निघताना डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचे खिसे तपासले. उजव्यात रुमाल, डाव्यात चष्म्याचं घर, शर्टाच्या खिशात पेन. दात तपासायचा तो लांब दांडीचा इवलासा आरसा कुठेच सापडला नाही, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. आरसा डॉक्टरांच्या मोज्यात होता.

डॉक्टर म्हणजे दातांचे. चाळीस वर्षं लोकांच्या दाढा उपटून आता निवृत्त झालेले. पण दाढा हा पोटापाण्याचा भाग. जीव सगळा जुन्या आबनुसात. आबनूस म्हणजे ते काळंभोर, दगडासारखं जड लाकूड. त्याचं एक कपाट, दोन आरशांच्या चौकटी आणि एक बाक एवढं त्यांनी हयातभर जमवलं होतं. बाक तर असा, की घर बदलताना चार हमालांनी उचलून पाहिला आणि दोघे तिथल्या तिथे काम सोडून गेले. कुणाच्याही घरी काळं लाकूड दिसलं की डॉक्टरांचे हात शिवशिवायचे. वस्तू उलटी करायची, आरशाने खालून पाहायची, आडबाजूला जरासं खरवडायचं, वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. समोरून सगळेच दात चांगले दिसतात, खरं काय ते मागून कळतं, असं ते म्हणायचे. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या आजोबांचं टेबल त्यांनी असंच मागून पाहिलं आणि ‘काळं रंगवलेलं नासपतीचं लाकूड’ म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून शेजारी लिफ्टमध्ये भेटले की मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहतात.

“आज लेकीच्या लग्नाचं ठरायचंय,” डॉक्टरीणबाई जिन्यातच म्हणाल्या. “कुठलीही वस्तू उलटी करायची नाही. खरवडायचं नाही. वास घ्यायचा नाही.”

“वाससुद्धा नाही?”

“चहाचा घ्या.”

मागून येणारी लेक हसली, पण धास्ती तिलाही होतीच. मुलगा तिनेच पसंत केलेला. त्याची आई मात्र आज पहिल्यांदा तिच्या आईवडिलांना भेटणार होती. बाई कडक आहेत असं ऐकलं होतं. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं, म्हणजे तसं ऐकायचीही गरज नव्हती.

होणाऱ्या विहीणबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, भिंतीला टेकून ओळीने पुस्तकं, आणि स्वयंपाकाचा ओटा बैठकीतूनच दिसेल असा. बाई सडसडीत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी सगळ्यांना बसवलं, मुलाला पाणी आणायला पिटाळलं, आणि “नवे कप वर ठेवलेत,” म्हणत ओट्याजवळच्या कोपऱ्यातून एक खुर्ची खरखरत ओढली. मग चपलांसकट तिच्यावर चढल्या.

खुर्ची काळी होती. सरळ पाठीची, पाठीवर पानांची नक्षी, पाय खाली निमुळते होत गेलेले. आणि त्या बसायच्या फळीवर दोन रबरी चपला!

“अहो, अहो!” डॉक्टर ताडकन उठले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

“पडाल म्हणून,” ते पुटपुटले आणि खाली बसले. बायकोने डोळे वटारले होते.

“छे हो, ही कसली पडतेय,” विहीणबाई कप घेऊन उतरल्या. “बनावट आहे, पण मजबूत आहे. ह्यांनी आणलेली. लग्नानंतर पहिली मोठी खरेदी काय, तर ही! खरं आबनूस आहे म्हणून कुणीतरी गळ्यात मारली. मग एका जाणकाराला दाखवली, तर तो म्हणाला, रंगवलेली आहे. आमच्या घरी हिचं नावच फसवी.”

“बाबांचा जन्म गेला ते ऐकण्यात,” मुलगा ट्रे ठेवत म्हणाला. “त्यांनी काहीही आणलं, साधी छत्री आणली, तरी काका विचारायचे, काय दादा, पुन्हा खुर्ची आणलीस का?”

“आणि ते काय म्हणायचे?” लेकीने विचारलं.

“काही नाही. हसायचे. म्हणायचे, पण जड किती आहे बघा!” मुलाने हुबेहूब वडिलांसारखं म्हणून दाखवलं असावं, कारण विहीणबाई क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिल्या. वडील जाऊन पाच वर्षं झाली होती.

डॉक्टरांना यातलं निम्मंच ऐकू आलं. खुर्ची फरशीवरून ओढताना झालेला आवाज त्यांच्या कानात घुमत होता. नासपतीची खुर्ची असा आवाज करत नाही. असा आवाज त्यांचा बाक करतो.

चहा होईपर्यंत विहीणबाईंनी सगळ्यांना बाल्कनीतली झाडं बघायला बोलावलं. डॉक्टर गुडघा चोळत म्हणाले, “मी बसतो. गुडघा दुखतोय.” आणि सगळ्यांची पाठ वळताच त्याच दुखऱ्या गुडघ्यावर, हा सहा फुटी माणूस, खुर्चीपुढे खाली बसला.

हात लावताच त्यांना कळलं. गार लागणारं, गुळगुळीत, रेषांचा पत्ता नाही असं लाकूड. आबनूसच, शंभर टक्के! कुठला जाणकार म्हणे, त्यांनी मनात म्हटलं, असल्या गाढवांमुळेच चांगल्या वस्तू चपलांखाली जातात. मोज्यातून आरसा काढून त्यांनी फळीखाली धरला. मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूला नखाएवढी जागा खरवडलेली होती. तिथे लाकूड पांढुरकं दिसत होतं. आणि शेजारी एक लहानशी फुली होती, दातांच्या ड्रिलने कोरलेली.

फुली त्यांचीच होती.

ही त्यांची जुनी रीत. खरी वस्तू असली की बरोबरची खूण, खोटी असली की फुली. ते आठवायचा प्रयत्न करू लागले, आणि आठवायला फारसं लांब जावं लागलंच नाही. पस्तीस वर्षांपूर्वी एक हसतमुख तरुण दाढ काढायला आला होता, दवाखान्यातलं कपाट पाहून हरखला होता आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आला होता. बाहेर पेशंट ताटकळत होते. डॉक्टरांनी पाच मिनिटांत खुर्ची उलटी केली, खरवडली, आत पांढुरकं दिसलं, विषय संपला. “फसलात तुम्ही,” ते सगळ्या पेशंटांच्या देखत म्हणाले होते. तो तरुण हसला होता. जाताना काहीतरी म्हणालाही होता, ते मात्र तेव्हा त्यांनी ऐकलं नव्हतं. ‘पण जड किती आहे बघा,’ असंच म्हणाला असणार, हे आज कळलं.

तेव्हा डॉक्टरांची समजूत होती की खरं आबनूस आरपार काळंच असतं. झाडाचा गाभा काळा आणि सालीकडचा भाग पांढुरका असतो, आणि जुने कारागीर तो पांढुरका भाग वाया न घालवता नेमका आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला घेऊन वरून काळा करतात, हे त्यांना पुढे आठ-दहा वर्षांनी कळलं. मग ते दोन-तीन ठिकाणी खरवडून बघायला लागले. पण आधी मारलेल्या फुल्यांचं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

“अगंबाई!” विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्यामागे लेक, होणारा जावई आणि डॉक्टरीणबाई. डॉक्टर जमिनीवर ओणवे, डोकं खुर्चीखाली, हातात आरसा.

डॉक्टरीणबाईंनी एका क्षणात परिस्थिती हातात घेतली. “ह्यांचं पेन पडलं वाटतं,” त्या म्हणाल्या, आणि नजरेने नवऱ्याला बजावलं की पेनच पडलंय.

लेकीचा चेहरा उतरला होता. डॉक्टरांनी तो पाहिला. पेन खिशातच होतं. काढून दाखवलं असतं की झालं. चहा पिऊन, तारीख ठरवून घरी जाता आलं असतं. खुर्ची पुढेही तशीच कोपऱ्यात राहिली असती आणि तो माणूस या घरात कायमचा फसलेलाच राहिला असता. डॉक्टरांना स्वतःची लाज वाटली, इतकी की उठायचंसुद्धा सुचेना.

“पेन नाही पडलं,” ते खालूनच म्हणाले. “बाई, खुर्ची खरी आहे. आबनूस आहे. आणि तिला खोटी म्हणणारा गाढव मीच.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

डॉक्टर उठून बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. दाढ, तीन जिने, पाच मिनिटं, पांढुरकी कड. फुली आरशातून दाखवली. विहीणबाईंनी चष्मा वर सरकवून ती पाहिली, उत्तरपत्रिका पाहावी तशी.

“सिद्ध करा,” त्या म्हणाल्या.

“जरा खरवडावं लागेल. दुसऱ्या जागी.”

“खरवडा.”

डॉक्टरांनी दुसऱ्या मोज्यातून एक बारीक हत्यार काढलं. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या मोज्याकडे अशा नजरेने पाहिलं, की घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय ते त्यांना समजलं. पायाच्या आतून त्यांनी तांदळाएवढा कपचा काढला. तो आरपार काळा होता. ट्रेमधल्या पाण्याच्या पेल्यात टाकून त्यांनी बोटाने बुडवला. “नासपती असेल तर वर येईल.”

पाचही डोकी पेल्यावर वाकली. कपचा सरळ तळाला गेला आणि तिथेच पडून राहिला. मिनिटभर वाट पाहिली, तरी तिथेच.

विहीणबाई सरळ झाल्या. आता काय बोलणार म्हणून लेकीने होणाऱ्या नवऱ्याचा हात घट्ट धरला.

“माझ्याकडूनही चुकून फुली पडायची,” बाई म्हणाल्या. “मग मी त्या पोराला उभं करून सगळ्या वर्गासमोर गुण वाढवायचे. गुपचूप नाही वाढवायचे.” त्यांनी मोबाइल उचलून नंबर लावला आणि आवाज मोठा केला. “भाऊजी? एक गृहस्थ बोलताहेत, नीट ऐका. आणि जाऊबाईंनापण बोलवा.”

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. दाढ काढायच्या खुर्चीत पेशंट बसतात तसं अंग आवळून ते फोनपुढे बसले आणि म्हणाले, “नमस्कार. तुमच्या दादांनी आणलेली खुर्ची खरी आहे. चूक माझी होती. ते फसले नव्हते.”

 पलीकडून एक वयस्क आवाज हळूच म्हणाला, “मी तीस वर्षं चिडवलं हो त्याला.”

“मग आता गप्प बसा,” विहीणबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग डॉक्टरांकडे वळल्या. “अशा किती फुल्या आहेत तुमच्या?”

“वहीत बघावं लागेल. चाळीसेक असतील.”

“लग्नाआधी सगळ्या तपासून व्हायला हव्यात.”

लग्नाआधी, असं म्हणाल्या त्या. लेकीने श्वास सोडला. डॉक्टरीणबाईंनीही सोडला आणि म्हणाल्या, “मी स्वतः घेऊन जाईन ह्यांना, दारोदार. पहिलं दार शेजारचंच.”

“चहा गार झाला. दुसरा टाकते,” विहीणबाई म्हणाल्या. साखरेचा डबा वर होता. सवयीने त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात घातला, ओढली, पाय उचलला आणि तो तसाच खाली ठेवला.

“मी काढतो, आई,” मुलगा पुढे झाला आणि टाचा उंचावून डबा काढू लागला.

त्या खुर्चीकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी तळहाताने फळी पुसली. चपलांचे ठसे गेले तरी पुसतच राहिल्या. “इतकी वर्षं चढतेच आहे हिच्यावर,” त्या म्हणाल्या. “बसले एकदाही नाही.” आणि बसल्या, पाठ सरळ ठेवून, पाहुण्यांच्या घरी बसतात तशा.

“भाऊजींचं काय घेऊन बसलात,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, आणि आता आवाज शाळेतल्या बाईंचा राहिला नव्हता. “सगळ्यात जास्त मीच हसले त्यांना. ते सारखं सांगायचे, जड किती आहे बघ. रोज मीच ओढत होते हो ही. मला कळायला हवं होतं.”