कधी तुटणार होता

वैशाखरे गावच्या गिरजाला प्रश्न विचारायची खोड जन्मापासूनची. बघायला आलेल्या पाहुण्यांनाच तिने उलट विचारलं होतं, तुमच्या गिरणीत तांदळाची कणी एवढी का पडते? सासरी आल्यावर तिने ती भातगिरणी उघडून बघितली आणि पुढे सत्तावीस वर्षं तीच चालवली. गाडी ती पन्नाशी गाठल्यावर शिकली, तीही क्लच दाबल्यावर आत नेमकं काय होतं ते कळावं म्हणून.

म्हणूनच मुरबाडच्या गॅरेजात सुयोग मेकॅनिक "मावशी, टायमिंग बेल्ट बदलायला झालाय," म्हणाला, तर तिने किंमत विचारलीच नाही.

"तुला कसं कळलं? उघडून बघितलास?"

"नाय. गाडी नव्वद हजार चाललीय. तुमी जुनी घेतलीत, आधीच्या मालकानं बदलल्याची कुठं नोंद नाय. म्हणून सांगतो."

"मग उघड."

सुयोगने हातातला पाना खाली ठेवला आणि गॅरेजाच्या दारातल्या खुर्चीकडे बघितलं. तिथे गिरजाची मुलगी दिशा बसली होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. आत्ताच डॉक्टरीणबाईंकडे दाखवून आल्या होत्या दोघी. आठ-दहा दिवसांत कधीही, असं बाईंनी सांगितलं होतं. कळा सुरू झाल्या की वैशाखऱ्याहून याच गाडीतून मुरबाडला आणायचं, हे घरात पक्कं ठरलेलं.

सुयोगने झाकण काढलं. आत काळा, दातेरी पट्टा दोन चाकांवर ताणून बसला होता. गिरजाने बॅटरी मारली, बोट फिरवलं, वास घेतला. चीर नाही, धागा सुटलेला नाही.

"तुटला तर काय होतं?"

सुयोगने दोन मुठी एकावर एक धरल्या. "हा पिस्टन, हा व्हॉल्व्ह. हा वर जातो तेव्हा हा बाजूला सरकतो. पट्टा दोघांचा टाइम सांभाळतो. पट्टा गेला की हे एकमेकांवर आपटतात. इंजिन खलास, गाडी जागच्या जागी बंद."

"तुटायच्या आधी आवाज करतो?"

"नाय करत."

हे मात्र गिरजाला पटेना. गिरणीचा पट्टा तुटायच्या आधी दोन दिवस फटफट वाजतो, जळका वास सोडतो. दळण थांबवून नवा चढवायला माणसाला सवड देतो. आजवर तिचा एकही पट्टा तिला न सांगता गेला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला चांगलाच तोरा होता. तिने गाडी चालू करायला लावली, पान्याचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकत राहिली. इंजिन गुमान चाललं होतं.

"तू तुटलेला बघितलायस?"

"एक. माळशेजच्या चढाला. गाडी चकाचक होती."

"आणि बदललेस किती?"

"पन्नासेक तरी असतील."

"त्यातले किती खरंच तुटणार होते?"

सुयोग हसला. "ते कसं कळणार, मावशी? काढलेला पट्टा कधी तुटणार होता, ते कोणालाच कळत नाय."

इथेच तर गिरजाचं घोडं अडलं. खर्च साडेआठ हजार. बारशासाठी काढून ठेवलेले होते, त्यातून भागलं असतं. पण पैसे मोजून वर अडाणीच राहायचं? बदलला तर काही कळणार नाही. न बदलला तरच कळेल. शिवाय नवा पट्टा कल्याणहून यायचा, म्हणजे गाडी उद्या संध्याकाळपर्यंत इथेच अडकणार. तिने पुन्हा बॅटरी मारली.

"चांगला दिसतोय रे. दहा-बारा दिवस चालवून बघते. आवाजावर कान ठेवीन. मग आणते."

सुयोग झाकण लावायला वाकला.

"आई," दिशा खुर्चीतूनच म्हणाली, "त्या दहा दिवसांतच मला आणणारेस ना तू?"

गिरजाच्या हातातली बॅटरी तशीच चालू राहिली. मागच्या सीटवर कळा देणारी पोर आणि पुढे आपण, पट्ट्याला कान लावून. असंच चित्र होतं ते, आणि तासभर आपण ते मजेत रंगवत होतो. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

"बदल," ती सुयोगला म्हणाली. "आमी आजची रात हिच्या आत्याकडे काढतो, इथंच मुरबाडला."

"जुना ठेवू का तुमाला बघायला?"

तिच्या तोंडून हो निघत होतं. तिने ते गिळलं. "नको. फेकून दे."

आत्याचं घर बाजाराच्या मागे. दिशा हळूहळू चालत होती, एक हात कमरेवर. गिरजाने तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

"भ्याली होतीस का गो?"

"तिसऱ्या महिन्यापासून."

"मग बोलली का नाय एवढ्या दिवसांत?"

"तू सगळ्यांना सगळं विचारतेस," दिशा म्हणाली. "म्हटलं, मला पण विचारशील."