सुनेच्या तोंडून सासऱ्याचं नाव

सीमेवरच्या चौकीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला एसेनकुल नर्सिंग शिकायला गेला, तेव्हा किरगिझस्तानातल्या नारीन गावच्या म्हाताऱ्यांनी दाढ्या कुरवाळल्या आणि बायकोनं कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं बंदूक धरलीत, आता लोकांची लघवीची भांडी धरा!"

धरली त्यानं. चौकीवर बर्फानं पाय काळे पडलेल्या पोरसवदा शिपायाजवळ तो रात्रभर नुसता बसून राहिला होता, काय करावं ते ठाऊक नसताना. तसं पुन्हा बसायचं नव्हतं त्याला.

प्रशिक्षण संपत आलं होतं. त्या सकाळी इस्पितळात शार्शेन आजोबांना न्याहारीआधी इन्सुलिन द्यायचं होतं. खोलीत म्हातारे दोन, आणि दोघांनी उन्हासाठी खाटा बदलल्या आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीपाशी जो निजला होता, तो टोपी डोळ्यांवर ओढून घोरत होता. उशाशी त्याची सून बुरुल.

"शार्शेन आजोबा हेच ना?"

बुरुल लगबगीनं उठली, पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

नवऱ्याहून वडील पुरुष समोर आला की किरगिझ सून वाकते. तो नमस्कार. एसेनकुलला तो होकार वाटला. फौजेत "नाही" म्हटलं नाही म्हणजे हो! त्यानं सुई टोचली आणि ट्रे घेऊन निघून गेला.

तासाभरानं व्हरांड्यात त्याला ती हाक ऐकू आली.

"अब्दिरासूल! अहो अब्दिरासूल, डोळे उघडा!"

बाईचा आवाज. फरशी पुसणारी थबकली. समोरच्या खोलीतल्या कुणाचा तरी चहाचा पेला खळकन फुटला. सून सासऱ्याचं नाव घेऊन ओरडत होती, जे सुनेनं जन्मात उच्चारायचं नसतं!

एसेनकुलच्या डोक्यात मात्र दुसरंच काही फुटलं. अब्दिरासूल? म्हणजे शार्शेन नव्हे. म्हणजे पोटाच्या तपासणीसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेला म्हातारा. आणि त्याला इन्सुलिन.

तो धावला. म्हातारा घामानं निथळत होता, हलवूनही हलत नव्हता.

"एजे! गुलसुनाई एजे! ग्लुकोज आणा! चुकीच्या माणसाला इन्सुलिन दिलं, मी दिलं!"

मोठ्या सिस्टर गुलसुनाई एजे, म्हणजे ताई, जाडजूड बाई, पण आल्या त्या वाऱ्यासारख्या. शीर त्यांनीच शोधली. एसेनकुलनं ग्लुकोजची बाटली उंच धरली.

"सांगायचं नाही का गं?" तो बुरुलवर खेकसला.

"कसं सांगू, भाऊजी?" तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. "तुमच्यासमोर? त्यांचं नाव? नाही म्हटलं तर नाव विचारलं असतंत. मला वाटलं, मामंजींना जागं करून तुम्हीच विचाराल. मग मामंजी, मामंजी म्हणून हलवलं, तर ओ देईनात..."

ही रीत त्याला ठाऊक नव्हती असं थोडंच? त्याच्या स्वतःच्या बायकोनं त्याच्या बापाचं नाव आजवर घेतलं नव्हतं. सुनेला नाव विचारणारा गाढव तोच.

म्हाताऱ्याच्या गालांवर रंग आला, तेव्हा एसेनकुलनं पांढरा कोट उतरवला, गणवेशासारखी घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"हे काय?" एजे म्हणाल्या.

"शिक्षा."

"ती तुझ्या फौजेत. रक्तातली साखर पुन्हा उतरेल, ती तपासायला बोटं टोचत इथं बसायचं कुणी, मी? घाल तो. दुपारी मोठ्या डॉक्टरांना तूच तोंडानं सांगायचंस. ठेवतील नाहीतर हाकलतील. तोवर हा म्हातारा तुझा."

त्यानं कोट घातला. बाह्या उलट्या गेल्या, पुन्हा घातला.

अब्दिरासूलनं डोळे उघडले. "मला नावानं कोण ओरडलं?"

बुरुल भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मी, आजोबा," एसेनकुल म्हणाला.

"बाईचा आवाज होता रे."

"माझाच. घाबरलो की मी बाईसारखा किंचाळतो."

म्हाताऱ्यानं त्या आडदांड मिशाळ गड्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. भिंतीकडच्या पाठीकडेही पाहिलं.

"असेल," तो म्हणाला, आणि टोचून घ्यायला बोट पुढे केलं.